डावा हात

सेंट पॉलला भाच्याकडे येऊन तीन आठवडे झाले होते. तळी, मॉल, पुन्हा तळी असे सगळे पाहून संपले होते. शनिवारी सकाळी चहा घेताना त्याने विचारले, "मामा, आता काय दाखवू?" मी म्हटले, "लिंडबर्गचे घर." त्याला वाटले, मामांना विमानांची हौस. हौस कसली, मला विमानात कानाला दडे बसतात. मला रस होता तो एकट्याने अटलांटिक ओलांडणाऱ्या त्या वैमानिकाच्या आजोबांत, आणि त्याचे कारण सांगायला थोडे ओशाळल्यासारखे होते. त्या आजोबांवर बँकेतल्या अफरातफरीचा खटला झाला होता. मी पस्तीस वर्षे बँकेत काढली, त्यांतली चौदा तपासणी विभागात. निवृत्तीनंतर चष्म्याचा नंबर वाढला, पण खोड गेली नाही.

दहा नंबरच्या हमरस्त्याने आम्ही उत्तरेकडे निघालो. लिटल फॉल्स पावणेदोनशे किलोमीटरवर आहे. ऑगस्टचे दिवस, दोन्ही बाजूंना माणसाच्या डोक्याच्या वर गेलेला मका, मध्येच सोयाबीन, मध्येच पांढरी गोदामे आणि उंच सायलो. फाट्याफाट्यावर टपालपेट्या आणि त्यांवर नावे: अँडरसन, पीटरसन, ओल्सन. भाचा म्हणाला, "इथे अर्धी फोन डायरेक्टरी 'सन'वरच संपत असणार." एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून पुढच्या ऐंशीएक वर्षांत बारा लाखांहून अधिक माणसे स्वीडन सोडून अमेरिकेत आली, आणि त्यांतली सर्वाधिक मिनेसोटात उतरली. त्या काळी स्वीडनच्या खेड्यांत आडनाव ही भानगडच नव्हती. ओलाचा मुलगा ओल्सन, मोन्सचा मुलगा मोन्सॉन. आपण मधले नाव म्हणून वडिलांचे नाव लावतो ना, तेच त्यांचे शेवटचे. दर पिढीला आडनाव नवे. वारसनोंदीला बसलेल्या तलाठ्याची काय अवस्था होत असेल, हा विचार माझ्या मनात आलाच.

स्वीडिश शेतकऱ्याची अमेरिकेतली गोष्ट म्हटली की तिचा एक साचा ठरलेला आहे. दगडाळ वावर, खाणारी तोंडे फार, एखादे दुष्काळी वर्ष, मग पेटारा बांधून बोटीत. विल्हेल्म मोबेरीने चार कादंबऱ्या लिहून ती गोष्ट अजरामर केली, आणि लाखो कुटुंबांच्या बाबतीत ती खरीही आहे. पण वैमानिकाचा आजोबा ओला मोन्सॉन त्या साच्यातला नाही. तो दक्षिण स्वीडनमधल्या स्कोने प्रांतातल्या गोर्डलोसा गावचा, जन्म 1808 चा. जमीनजुमला असलेला, बोलण्यात तयार. स्वीडनच्या संसदेत तेव्हा चार सभागृहे होती: सरदारांचे, धर्मगुरूंचे, नागर व्यापाऱ्यांचे आणि चौथे चक्क शेतकऱ्यांचे. युरोपात इतरत्र शेतकरी दारात टोपी काढून उभा राहत होता तेव्हा हा गडी स्टॉकहोममध्ये बसून कायदे करत होता. 1847 पासून दहा-अकरा वर्षे तो तिथे होता. सुधारकांच्या बाजूचा, फटक्यांची शिक्षा बंद व्हावी म्हणून बोलणारा.

त्याच्याकडे सरकारी बँकेच्या माल्मो शाखेतही पद होते. आणि तिथे घोटाळा झाला. लोकांना कर्जे मिळवून देताना त्याने आपलेही हात ओले करून घेतले, असा आरोप आला. खटला उभा राहिला. घराण्यात पुढे जी कथा सांगितली गेली ती अशी की हे सगळे राजकीय शत्रूंचे कुभांड होते. मोठ्यांच्या विरोधात बोलला म्हणून त्याला गुंतवले. असेलही. मात्र चौदा वर्षांत ज्या ज्या शाखाधिकाऱ्याची फाईल माझ्या टेबलावर आली, त्यातल्या प्रत्येकाच्या खुलाशात हेच वाक्य होते. त्यातले दोघे खरेही बोलत होते, हे नोंदवायला हवे.

पण खरी ठिणगी बँकेत नव्हती. गावी बायको होती, मोठी झालेली मुले होती. स्टॉकहोममध्ये लोविसा होती, खानावळीत वाढपाचे काम करणारी, वयाने त्याच्याहून तीसएक वर्षांनी लहान. जानेवारी 1859 मध्ये तिला मुलगा झाला. त्याच वर्षी खटल्याचा निकाल लागायच्या आत पन्नाशी ओलांडलेला हा खासदार लोविसाला आणि तान्ह्या पोराला घेऊन देशाबाहेर पडला. गावची बायको गावीच राहिली. पाच-सहा वर्षांत ती वारली. निकाल त्याच्या विरुद्ध गेला. आणि अटलांटिकच्या पलीकडे ओला मोन्सॉन नावाचा कोणी उतरलाच नाही. उतरला तो ऑगस्ट लिंडबर्ग. हे आडनाव लुंडला शिकणाऱ्या त्याच्या थोरल्या मुलांनी आधीच घेतले होते. लिंड म्हणजे लिंडेनचे झाड, बर्ग म्हणजे डोंगर. बापाने मुलांचे आडनाव लावल्याचे हे माझ्या माहितीतले एकमेव उदाहरण.

"म्हणजे पळूनच आले," भाचा म्हणाला.

"फरार," मी म्हटले. आमच्या फॉर्मात तसाच रकाना असतो.

लिटल फॉल्स हे मिसिसिपीवरचे छोटे गाव. नदीच्या नावाने आपल्या डोळ्यांसमोर समुद्र येतो, पण इथे ती अजून पोरवयातली आहे. पलीकडच्या काठावरचा माणूस हाक मारली तर ओ देईल एवढीच रुंद. गावाच्या दक्षिणेला पश्चिम काठावर लिंडबर्गांचे घर आहे. हे आजोबांचे नव्हे, मुलाचे. बोटीतून आणलेले ते तान्हे पोर मोठे होऊन मिशिगन विद्यापीठातून 1883 साली वकील झाले आणि या गावात व्यवसाय मांडून बसले. चार्ल्स ऑगस्ट, सगळे त्याला सी. ए. म्हणत. पहिली बायको दोन मुली मागे ठेवून गेली. 1901 मध्ये त्याने रसायनशास्त्र शिकवणाऱ्या इव्हँजलिन लँडशी लग्न केले, आणि पुढच्या फेब्रुवारीत वैमानिक चार्ल्स जन्मला.

नदीकाठचे पहिले मोठे घर 1905 मध्ये जळाले. साडेतीन वर्षांच्या चार्ल्सला कोणीतरी उचलून गोठ्यामागे नेले आणि इकडे बघायचे नाही म्हणून बजावले; अर्थातच त्याने बघितले. आज आपण पाहतो ते त्याच पायावर बांधलेले दुसरे, आटोपशीर घर. राखाडी लाकूड, पुढे ओसरी. मागे नदीच्या बाजूला जाळी लावलेला झोपायचा सोपा आहे. चार्ल्स तिथे एका अरुंद खाटेवर झोपे, थंडीतसुद्धा. मिनेसोटाच्या थंडीत! मी त्या जाळीपाशी दोन मिनिटे उभा राहिलो तेवढ्यात डासांनी मनगटावर तीन शिक्के मारले.

माहिती देणारी मुलगी कॉलेजातली असावी. ती भराभर सांगत होती: हे जेवणघर, हा स्टोव्ह, ही मूळची भांडी. पहिल्या महायुद्धात धान्याची निकड होती म्हणून शेतावर राबणाऱ्या विद्यार्थ्यांना शाळेने सवलत दिली, आणि सोळा वर्षांच्या चार्ल्सने पुढची दोन वर्षे हे शेत एकट्याने ओढले. गाई, मेंढ्या, ट्रॅक्टर, शिवाय दूध काढण्याच्या यंत्रांची एजन्सी. बदकांसाठी सिमेंटचे डबकेही त्यानेच बांधले. शेती नीट चालली नाही, आणि 1920 मध्ये तो मोटरसायकलवर बसून विस्कॉन्सिनच्या विद्यापीठात गेला. तिथेही तो टिकला नाही. स्वीडिश शेतकऱ्याच्या वंशातला नांगर धरणारा शेवटचा माणूस हाच, हे त्या मुलीने सांगितले नाही, मी मनाशी नोंदवले.

बापाबद्दल मात्र घरात फार कमी आहे, आणि माझ्या मते घराण्यातला सर्वांत न्याय न मिळालेला माणूस तोच. 1907 ते 1917 तो काँग्रेसचा सदस्य होता. ज्याच्या बापावर बँकेच्या पैशाचा ठपका, त्या मुलाने सगळी कारकीर्द बँकांच्या मागे लागण्यात घालवली. न्यू यॉर्कच्या मूठभर सावकारांच्या हातात देशाचा पैसा एकवटला आहे, त्याची चौकशी करा, असा ठराव त्याने मांडला. त्यातून जी चळवळ उठली तिचा शेवट काँग्रेसच्या पूजो चौकशी समितीत झाला. मग 1913 साली फेडरल रिझर्व्हचा कायदा आला, तेव्हा हा औषधाच्या नावाने रोगच पाजण्याचा प्रकार आहे म्हणून त्यालाही त्याने विरोध केला. बँकवाला म्हणून मला त्याचे सगळे म्हणणे पटत नाही. मध्यवर्ती बँक नसलेल्या देशात 1907 सारखी घबराट दर काही वर्षांनी येते, आणि तेव्हा पहिला मरतो तो शेतकरीच. पण हा माणूस विकला गेला नाही. अमेरिका युद्धात पडू नये, असे तो म्हणाला, त्यावर पुस्तक लिहिले. 1918 मध्ये सरकारी माणसांनी छापखान्यात जाऊन त्याचे छपाईचे ठसे नष्ट केले. त्याच वर्षी तो गव्हर्नरपदासाठी उभा राहिला तेव्हा गावोगाव त्याचे पुतळे फासावर लटकवले गेले. 1924 मध्ये पुन्हा प्रचारात असतानाच मेंदूतल्या गाठीने तो गेला. मुलाने पॅरिस गाठले त्याच्या तीन वर्षे आधी.

पॅरिसचे मी लिहीत नाही. 20 मे 1927 ला न्यू यॉर्कजवळून उड्डाण, साडेतेहतीस तास, एकटा, आणि ले बुर्जेवर उसळलेली गर्दी. ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्यानंतरच्या काही महिन्यांत या घराचे काय झाले ते मात्र थोड्यांना ठाऊक असते. आठवण म्हणून लोकांनी भिंतींचे तुकडे काढून नेले, खिडक्या फोडल्या, सामान लांबवले. पंचवीस वर्षांच्या पोराला देव केले आणि त्याचे घर उघडे करून ठेवले. शेवटी 1931 मध्ये कुटुंबाने घर आणि भोवतीची 110 एकर जमीन राज्याला दिली. उतारवयात चार्ल्स स्वतः इथे येई आणि कुठली खुर्ची कुठे होती ते सांगे.

संग्रहालयाच्या दालनात शिरलो आणि भाचा एकदम थबकला. समोर एक फोक्सवॅगन बीटल उभी होती. 1959 ची, साधी, थोडी मळकट. चार्ल्सची. जगभर नाव झालेला, पैसा असलेला हा माणूस युरोपात या डबीतून फिरे, हॉटेलाचे पैसे आणि गर्दी दोन्ही टाळायला रात्री आतच झोपे. सहा फुटांच्या वर उंची! मी खिडकीतून आत वाकून पाहिले. पातळ स्टिअरिंग, आसनांचे गुळगुळीत झालेले कापड, आणि पाय लांब करायला जागा कुठेच नाही.

"कुठे जायचा हा यातून?" भाच्याने विचारले.

तो प्रश्न मी टाळला असता, पण मुलगी जवळच उभी होती आणि तिने तो टाळला नाही, हे तिचे कौतुक. म्युनिकला, ती म्हणाली. तिथे एक स्त्री होती, तिच्यापासून त्याला तीन मुले होती. वर्षातून काही वेळा एक उंच अमेरिकन येई, त्यांच्याशी खेळे, फिरायला नेई आणि निघून जाई. मुलांना तो ठाऊक होता तो केरू केंट या नावाने. इकडे अमेरिकेत बायको ॲन, तिची मुले, सगळे यथास्थित. 1974 मध्ये तो हवाईतल्या माउई बेटावर वारला, स्वतःच्या थडग्याचे तपशीलसुद्धा स्वतः ठरवून. पुढे त्याने आईला लिहिलेली शंभराहून अधिक पत्रे मुलांच्या हाती लागली, आणि 2003 मध्ये डीएनए तपासणीने बापाचे नाव पक्के झाले. नंतर आलेल्या एका पुस्तकाप्रमाणे आणखी दोन स्त्रिया आणि चार मुले धरून हिशेब सातावर जातो. तपासणी मात्र त्या तिघांचीच झालेली.

मी गाडीपासून थोडा दूर झालो. आजोबा 1859 मध्ये एक कुटुंब मागे ठेवून, नाव बदलून, समुद्रापलीकडे गेले. नातू शंभरएक वर्षांनी नाव बदलून उलट दिशेने समुद्र ओलांडत राहिला. आजोबांना एकच फेरी परवडली, नातवाला विमाने होती. रक्तात असते वगैरे मी मानत नाही. उलट मला वाटते, घरात जी गोष्ट सांगितली जात नाही तिचा माग काढायला पुढच्याला वावच राहत नाही. चार्ल्सने आजोबांविषयी कौतुकाने लिहिले आहे: हिंमत, कणखरपणा, एका हाताने केलेली शेती. स्टॉकहोमची खानावळ त्या कौतुकाखाली दबून गेली.

त्या एका हाताची गोष्ट ऐकायला आम्ही दुपारी मेलरोजकडे निघालो. लिटल फॉल्सच्या नैऋत्येला साठएक किलोमीटर. वाटेत दुधाच्या गाई, चर्चचे उंच मनोरे. हा भाग स्वीडिशांचा नाही, जर्मन कॅथलिकांचा. पुढे थोड्याच अंतरावर सॉक सेंटर, सिंक्लेअर लुईसचे गाव. 'मेन स्ट्रीट' लिहून त्याने या गावाची यथेच्छ टिंगल केली आणि गावाने आपल्या रस्त्याला 'ओरिजिनल मेन स्ट्रीट' म्हणवून त्याची परतफेड केली. आम्ही तिथे पाय खाऊन पुढे निघालो. पाय म्हणजे सफरचंद भरलेला. भाच्याने हसून "मामा, मराठीत लिहाल तेव्हा नीट लिहा" अशी ताकीद दिली.

मेलरोजजवळ सॉक नदीकाठी ऑगस्टने जमीन धरली. ओंडक्यांची एका खोलीची झोपडी बांधली. नांगराला पैसे नव्हते. संसदेत असताना मिळालेले एक सोन्याचे पदक जवळ होते, ते त्याने विकले आणि नांगर घेतला. ही घराण्यात चालत आलेली गोष्ट. मला ती खरी वाटते, कारण खोटी असती तर पदक जपून ठेवल्याची गोष्ट रचली असती. नातवालाही पुढे एक पदक मिळाले: 1938 मध्ये बर्लिनला, गोअरिंगच्या हातून, हिटलरच्या सरकारतर्फे. परत करा म्हणून लोकांनी ओरडा केला, पण त्याने ते परत केले नाही. 1941 मध्ये डे मॉइनच्या सभेत त्याने देशाला युद्धात ओढणाऱ्यांमध्ये ज्यूंचे नाव घेतले, आणि 1927 चा देव एका रात्रीत उतरला. बापही युद्धाविरुद्ध होता, मुलगाही. पण बापाने सावकारांची नावे घेतली होती आणि मुलाने एका जमातीचे. हा फरक लहान नाही.

1861 चा ऑगस्ट महिना. नव्या घरासाठी फळ्या कापून घ्यायला ऑगस्ट लाकडाच्या गिरणीत गेला होता. पाय घसरला की तोल गेला, फिरत्या करवतीवर पडला. डावा हात खांद्याजवळ चिरला गेला, पाठ उघडी पडली. घरी आणून झोपवले. डॉक्टर पोचायला तीन दिवस लागले. तोवर जखमेवर गार पाणी धरून ठेवणे एवढेच काय ते औषध. डॉक्टरने हात कापला. हात पेटीत घालून पुरायला नेण्याआधी ऑगस्टने ती पेटी आपल्याकडे मागितली, उजव्या हाताने त्या डाव्या हाताची बोटे धरली, हस्तांदोलन केले आणि त्याचा निरोप घेतला. पन्नास वर्षे बरोबर होतास, आता तुझी-माझी वाट वेगळी, अशा अर्थाचे काहीतरी मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलला. घराण्याने ही गोष्ट तीन पिढ्या सांगितली. पुढे त्याने कमरेला पट्टा आणि कडी लावून विळा चालवायची सोय केली आणि एका हाताने गवत कापले. वर्षभरात डकोटांचे युद्ध भडकले. ज्यांची जमीन फुकट म्हणून वाटली जात होती ते मूळ रहिवासी उठले होते. लिंडबर्ग कुटुंब शेजाऱ्यांबरोबर पळाले, आणि शांत झाल्यावर परत आले. शिकारीचे मांस आणायची जबाबदारी पोरवयातल्या सी. ए.वर पडली. ऑगस्ट लिंडबर्ग 1893 पर्यंत जगला. सी. ए.ची राख पुढे चार्ल्सने विमानातून याच जुन्या शेतावर सोडली.

नेमका तुकडा शोधायचा अट्टाहास आम्ही केला नाही. नदीला धरून जाणारा खडीचा रस्ता पकडला आणि एका पुलाजवळ गाडी थांबवली. पाणी संथ, कडेला वाळुंजासारखी झाडे, पलीकडे मका सरळ क्षितिजापर्यंत. वाऱ्याने पानांवर पाने घासून पाऊस पडल्यासारखा आवाज येत होता.

भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मामा, तो हात इथेच कुठेतरी पुरला असेल ना?"

"असेल."

"तुम्ही त्या केसमध्ये काय शेरा मारला असता?"

मी उत्तर शोधत होतो. व्यवहार संशयास्पद, आरोपी फरार, वसुली अशक्य. इतके तर हाताखालच्या कारकुनानेही लिहिले असते. तेवढ्यात मक्याच्या कडेने एक हिरवा ट्रॅक्टर आला. वरच्या माणसाने आम्हाला पाहिले आणि स्टिअरिंगवरचा एक हात उचलून हलवला. आम्ही दोघांनीही हात वर केला. तो धुरळा उडवत वळणाआड गेला.